उलाळ भरलेली गाडी: तवंदी घाटातील कॅराव्हॅनच्या अपघाताचा प्रकरण अभ्यास

मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्याचे काम मी बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात बरीच वर्षे करीत आहे. मागे काहीतरी ओढत नेणारे वाहन ही या पट्ट्यात नवलाची गोष्ट नाही. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर महिनोन्महिने रस्त्यावर असतात आणि त्यांच्याशी संबंधित दाव्यांच्या फायलींनी माझे एक कपाट भरलेले आहे. मोटारीमागे जोडलेल्या कॅराव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घराचा, दावा मात्र माझ्याकडे आजवर एकच आला. तो रकमेने मोठा नव्हता आणि त्यात कोणाला इजाही झाली नाही. तरीही तो सविस्तर लिहून ठेवावासा वाटतो, कारण एरवी अपघातानंतर जे कधीच हाती लागत नाही ते, म्हणजे अपघाताच्या आधीची काही मिनिटे, या प्रकरणात चित्रासह आणि आवाजासह उपलब्ध होती. संबंधित कुटुंबाने लिहिण्यास संमती दिली आहे; नावे मी वगळली आहेत.

कुटुंब टिळकवाडीतले. मालक फौंड्रीच्या धंद्यातून निवृत्त झालेले, लोखंडाची आणि यंत्राची जाण असलेले गृहस्थ. त्यांनी महाराष्ट्रात नोंदलेली एक जुनी, एकाच आसाची कॅराव्हॅन विकत घेऊन बेळगावला आणली होती. सीमाभागात अशा वाहनांच्या कागदपत्रांचा प्रश्न आधी डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो इथेच संपवतो: मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे झाल्यास तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि ही कॅराव्हॅन बेळगावात येऊन सातच महिने झाले होते. कोल्हापूरच्या एमएच-०९ क्रमांकाची गाडी वर्षानुवर्षे बेळगावात फिरवणारे आमच्याकडे कमी नाहीत, पण हा गृहस्थ त्यांतला नव्हता. विमा चालू होता आणि चालकाचा परवानाही योग्य होता.

घटना

जानेवारीतल्या एका रविवारी भल्या सकाळी हे कुटुंब दोन रात्रींच्या मुक्कामासाठी पन्हाळ्याला निघाले. पुढे डिझेलवर चालणारी सात आसनी मोटार होती आणि मागे कॅराव्हॅन. गाडी चालवत होता पुण्यात नोकरी करणारा, सत्ताविशीतला भाचा. शेजारी मालक, मागे मामी आणि दहा वर्षांचा नातू. नातवाला कॅराव्हॅनमध्ये पलंगावर लोळत जायचे होते आणि त्यासाठी त्याने निघताना बराच आकांत केला होता. मामींनी तो मानला नाही. ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसवायचा नसतो हा नियम त्यांना कोणी शिकवला होता असे नाही, पण पुढे जे घडले ते पाहता त्या दिवसाचा सर्वांत शहाणा निर्णय तोच होता.

पुणे-बंगळूर महामार्गाने हत्तरगीचा टोलनाका आणि संकेश्वर मागे टाकून गाडी तवंदी घाटात आली. निपाणीच्या बाजूला उतरणारा हा घाट सह्याद्रीतल्या घाटांच्या मानाने काहीच नाही. वळणे मोठी, रस्ता रुंद आणि दुभाजक असलेला. त्यामुळे अनोळखी चालकाला हा उतार आहे हेच पटकन उमगत नाही आणि गाडीचा वेग आपोआप वाढतो. अवजड वाहने इथे अधूनमधून का कोलमडतात याचे एक कारण मला हेच वाटते. या उतारावर एक खाजगी आरामबस उजवीकडून भरधाव पुढे गेली, पाठोपाठ कॅराव्हॅन शेपूट हलवू लागली, हेलकावे वाढत गेले आणि शेवटी कॅराव्हॅनची डावी बाजू कठड्याच्या पत्र्यावर घासून डावा टायर फुटला. मोटार आडवी होता होता थांबली. साखळी तुटली नाही, हुक निसटला नाही.

मी पाहणीला पोहोचलो तेव्हा तिथे तीन स्पष्टीकरणे तयार होती. भाच्याच्या मते सगळा दोष आरामबसचा होता. मालकांच्या मते टायर आधी फुटला आणि त्यामुळे कॅराव्हॅन भरकटली. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का पाहता (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष) तो आठ वर्षांहून जुना होता, त्यामुळे त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. जमलेल्या लोकांचे म्हणणे नेहमीप्रमाणे एकाच शब्दाचे होते: वेग.

चौथे स्पष्टीकरण कॅराव्हॅन बाजूला काढायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडून आले. तो निपाणीजवळच्या गावातला ऊस आणि तंबाखू करणारा साठीतला शेतकरी होता. मोटारीच्या हुकावरून कॅराव्हॅनची दांडी सोडवताना त्याने ती एका हाताने वर उचलली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाला, "सायेब, ही गाडी उलाळ भरल्याली हाय." त्या वेळी मी मान डोलावली आणि पंचनाम्याच्या कागदांकडे वळलो. त्याच्या बोलण्याचे वजन मला दोन दिवसांनी कळले.

चित्रफितीने काय सांगितले

मोटारीत डॅशकॅम होता. पुढच्या काचेवर जीपीएस असलेला एक कॅमेरा आणि मागच्या काचेवर दुसरा. मागचा कॅमेरा कॅराव्हॅन जोडल्यावर निरुपयोगी ठरतो अशी भाच्याची तक्रार होती, कारण त्यात कॅराव्हॅनच्या पुढच्या पांढऱ्या भिंतीशिवाय काहीच दिसत नसे. प्रत्यक्षात या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा ती पांढरी भिंतच ठरली.

असे कॅमेरे तीन-तीन मिनिटांचे तुकडे साठवतात आणि कार्ड भरले की सर्वांत जुन्या तुकड्यावर नवा लिहितात. चौसष्ट जीबीच्या कार्डात दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून फार तर चार-पाच तास मावतात. धक्का बसल्याचे जाणवले की कॅमेरा तो तुकडा आपणहून कुलूपबंद करतो. पण हेलकावा हा धक्का नव्हे. कॅराव्हॅन मागे डोलत असताना मोटारीच्या पुढच्या काचेला त्याची फारशी दखल नसते. त्यामुळे कुलूपबंद झाला तो फक्त कठड्याला घासल्याचा तुकडा, आणि ज्यात खरे कारण होते तो त्याच्या आधीचा तुकडा तसाच उघडा राहिला. गाडी बेळगावला परत येऊन आणखी दोन-चार फेऱ्या झाल्या असत्या तर तो पुसला गेला असता. तो वाचला याचे श्रेय, विचित्र वाटेल, पण भाच्याच्या घाबरण्याला आहे. गाडी थांबताच त्याने पहिले काम केले ते कार्ड काढून खिशात टाकण्याचे. त्याचा हेतू जपण्याचा नव्हता, हे त्याने नंतर मोकळेपणाने कबूल केले. दुसऱ्या दिवशी मामांनी कार्ड मागितले आणि त्याने ते दिले, याची मात्र नोंद केली पाहिजे.

त्या चित्रफितीचा क्रम असा होता. घाटमाथ्यावर जीपीएसने दाखवलेला वेग ताशी ८४ किलोमीटर होता आणि उतारावर तो ९२ झाला. बस पुढे जाण्याच्या सुमारे चाळीस सेकंद आधी मामींचा आवाज ऐकू येतो: "हळू घे की रे, मागं कायतरी हलाय लागलंय." त्यावर भाचा म्हणतो, "काय नाही मामी, वारं आहे ते." म्हणजे बस येण्याआधीच गाडीने इशारा दिला होता आणि तो मागच्या आसनापर्यंत पोहोचलाही होता. कॅराव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असूनही लांब दांड्याचे जादा आरसे लावलेले नव्हते, त्यामुळे चालकाला तिचे मागचे कोपरे दिसतच नव्हते. मग बस जवळून गेली. मोठे वाहन वेगाने पुढे जाताना त्याच्या तोंडाजवळचा हवेचा दाब आधी शेजारच्या उंच, सपाट भिंतीला बाहेर ढकलतो आणि पाठोपाठ कडेचा कमी दाब तिला आत ओढतो. पहिला हेलकावा इथे आला. त्यानंतर मागच्या कॅमेऱ्यात पांढरी भिंत डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे सरकताना दिसते. एका पूर्ण हेलकाव्याला साधारण दीड सेकंद लागत होता आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता.

पाचव्या सेकंदाला इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग ९५ होतो. भाच्याने एक्सिलरेटर दाबला होता. मागची गाडी डोलू लागली की ओढून सरळ करायची, ही समजूत आमच्या भागात उसाच्या ट्रॉलीवरून आलेली आहे आणि ट्रॅक्टरच्या ताशी वीस-पंचवीसच्या वेगात ती फारशी अंगलट येत नाही. नव्वदच्या पुढे, तेही उतारावर, तिचा परिणाम उलटाच होतो. आठव्या सेकंदाला त्याने जोरात ब्रेक मारला, सोबत स्टिअरिंगही विरुद्ध दिशेला फिरवले. कॅराव्हॅनला हुकाच्या दाबावर चालणारा स्वतःचा ब्रेक होता आणि तपासणीत तो ठीक आढळला. पण हेलकाव्याच्या टोकाला असलेल्या गाडीपुढे मोटार एकदम मंदावली की मागचे वजन सरळ न ढकलता तिरके ढकलते, आणि तसेच झाले. दहाव्या सेकंदाला कठडा, आणि त्याच्यानंतर टायर फुटल्याचा आवाज.

मालकांचा टायरचा सिद्धांत इथे संपला. टायर जुना होता आणि बदलायला हवा होता हे खरेच, पण तो कारण नव्हता.

करायला हवे होते ते ऐकायला सोपे आणि त्या क्षणी करायला फार अवघड आहे. पाय एक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे, हेलकाव्यांचा पाठलाग करायचा नाही, ब्रेककडे जायचे नाही आणि वेग आपला आपण उतरू द्यायचा. चालकाचे स्टिअरिंग नेहमी हेलकाव्याच्या थोडे मागे पडते, त्यामुळे तो विरोध करतो आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात झोक्याला धक्का देत असतो. घाट उतरण्यापूर्वीच खालचा गियर टाकलेला असता तर इंजिनानेच वेग धरून ठेवला असता आणि हा प्रसंग कदाचित आलाच नसता.

वेगाचा वाद

चित्रफीत पाहूनही भाचा ९२ चा आकडा मानायला तयार नव्हता. मीटरचा काटा ऐंशीवर होता, कॅमेरा जास्त दाखवतो, असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकलेला आहे आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. स्पीडोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नसते. जास्त दाखवायला मुभा असते, आणि मोटारीसाठी ती खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर इतकी असते. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो, पण खरा वेग ९२ असताना काट्याने ८० दाखवणे मूळ मापाच्या टायरांवर शक्य नाही. मोठे टायर बसवले असतील तर काटा मागे राहतो, म्हणून मी टायरचे माप पाहिले. ते कंपनीचेच होते. शिवाय मी जीपीएसवर अवलंबून न राहता दुसऱ्या मार्गाने पडताळा घेतला. महामार्गाच्या कडेला दर दोनशे मीटरवर असणारे दगड चित्रफितीत दिसत होते आणि अशा दोन दगडांमधले अंतर गाडीने ७.८ सेकंदांत कापले होते. हिशेब केला तर वेग ९२ च निघतो.

मग त्याने बाजू बदलली, आणि या वेळचा मुद्दा खरोखर विचार करायला लावणारा होता. "काका, शंभरची लिमिट आहे. मी ब्याण्णववर होतो. मग चूक काय माझी?"

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर चालकाव्यतिरिक्त आठपर्यंत आसने असलेल्या मोटारीला कमाल वेग ताशी १०० आहे आणि मालवाहू वाहनांना ८०. घाटात जागोजागी त्याहून कमी मर्यादेचे फलक असतात आणि ते पाळणे बंधनकारक असते, हा पहिला भाग. पण भाच्याचा प्रश्न फलकाचा नव्हता. कायद्याने दिलेला आकडा हाच सुरक्षित आकडा, अशी त्याची मनापासून धारणा होती. तो आकडा ठरवताना समोर असते ती चांगली टायर-ब्रेक असलेली सुटी मोटार. जिथे कॅराव्हॅन ओढणे ही सर्रास गोष्ट आहे त्या देशांनी तिच्यासाठी वेगळे आकडे ठेवले आहेत. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला दुभाजकाच्या रस्त्यावर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, आणि साध्या रस्त्यावर ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, ही मर्यादा आहे. जर्मनीत मूळ मर्यादा ८० ची आहे आणि १०० ची परवानगी हवी असेल तर इतर अटींबरोबर ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत, अशीही अट आहे. आमच्या कॅराव्हॅनचे टायर त्या अटीतच बाद झाले असते.

शिवाय गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून ९२ म्हणजे कानाला बारा किलोमीटरचा फरक वाटतो, पण थोपवायची ऊर्जा जवळजवळ एकतृतीयांशाने वाढलेली असते.

वेगाविषयीची आमच्या भागातली वृत्ती मी रोज पाहतो, आणि भाचा तिच्यात काही अपवाद नव्हता. समोरून येणाऱ्याने हेडलाइट दोनदा मिचकावला की पुढे पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी आहे असे समजून सगळे सभ्यपणे ऐंशीवर येतात आणि ती मागे पडली की पुन्हा आपापल्या वेगाला जातात. याला कोणी लबाडी म्हणत नाही. उलट तो रस्त्यावरचा शेजारधर्म समजला जातो. मर्यादा म्हणजे पोलिसांचा आणि आपला आपसातला व्यवहार, रस्त्याचा आणि टायरचा नव्हे, ही समजूत इतकी खोल आहे की शंभरच्या आतला अपघात हा अपघातग्रस्ताला अन्यायच वाटतो.

उलाळ

दोन दिवसांनी टायर बदलून कॅराव्हॅन वजनकाट्यावर नेली. पाण्याची टाकी भरलेली आणि सामान जसेच्या तसे ठेवून वजन १,४२० किलो भरले. मोटारीचे स्वतःचे वजन सुमारे दोन हजार किलो. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नवख्यांना ब्रिटनमध्ये सल्ला दिला जातो. इथे ते ७१ टक्के होते. म्हणजे वजन जास्त नव्हते. मग मला ट्रॅक्टरवाल्याचा एक हात आठवला.

सपाट जागेवर दांडीखाली एक लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला माणसाचे वजन करायचा काटा ठेवला. काट्यावर २५ किलो आले. दांडीने हुकावर टाकायचा भार कॅराव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा, असा युरोपातला संकेत आहे. अमेरिकेत तर दहा ते पंधरा टक्के धरतात. आमच्या कॅराव्हॅनला किमान ७१ किलो हवे होते आणि होते त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढे.

बैलगाडी भरलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. साट्यात मागे जास्त ओझे पडले की धुरा वर उठते, जू उचलले जाते आणि सापत्यांनी, म्हणजे जुवाला बांधलेल्या गळ्याभोवतीच्या पट्ट्यांनी, बैलांचे गळे आवळतात. ती गाडी उलाळ झाली म्हणतात. पुढे जास्त पडले तर सगळा भार मानेवर येऊन बैल दबतो. म्हणून ऊस भरणारा माणूस जुवावर थोडासा भार राहील असाच भरतो आणि भरून झाल्यावर धुरा हाताने उचलून पाहतो. निपाणीच्या त्या शेतकऱ्याने रस्त्याच्या कडेला केले ते नेमके तेवढेच. फरक इतकाच, की बैलगाडी उलाळ झाली तर बैल लगेच सांगतो आणि मोटार मात्र ऐंशीपर्यंत काहीही सांगत नाही. हुकावर पुरेसा भार असलेली गाडी हलली तरी हेलकावे आपोआप विरतात. भार कमी झाला की ज्या वेगाला हेलकावे विरायचे थांबून वाढू लागतात तो वेग खाली येतो, आणि बहुधा आमची गाडी नव्वदच्या आसपास तो ओलांडून गेली होती.

भार कुठे गेला, हे शोधायला फार वेळ लागला नाही. मालकांनी बाहेरचे पाणी नको म्हणून शंभर लिटरची टाकी कॅराव्हॅनच्या अगदी मागे, खालच्या कप्प्यात बसवून घेतली होती आणि निघताना ती काठोकाठ भरली होती. शिवाय कोल्हापूरच्या पाहुण्यांसाठी बेळगावच्या तांदळाच्या दहा-दहा किलोंच्या तीन पिशव्या, तिथेच जागा होती म्हणून, मागच्या कप्प्यात टाकल्या होत्या. आसापासून हुकापर्यंतचे अंतर ३.६ मीटर आणि आसापासून मागच्या कप्प्याचे अंतर १.८ मीटर, म्हणजे मागे ठेवलेल्या दर दोन किलोंमागे हुकावरचा एक किलो उचलला जाणार. पाण्याचे शंभर आणि तांदळाचे तीस, मिळून एकशेतीस किलोंनी हुकावरचे पासष्ट किलो उचलले होते. टाकी रिकामी करून आणि पिशव्या काढून पुन्हा मोजले तेव्हा काट्यावर ९० आले, म्हणजे उरलेल्या १,२९० किलोंच्या सात टक्के. कंपनीने गाडी बरोबर बनवली होती. ती उलाळ केली होती आम्ही, असे मालक म्हणाले. फौंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा तोल आधी कसा सुचला नाही याचेच त्यांना जास्त वाईट वाटत होते. वाहनात नोंदणीपलीकडे असे बदल करण्यावर कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत, हेही मी त्यांच्या कानावर घातले.

दाव्याचा फॉर्म

चित्रफीत मी पाहण्यापूर्वी भाच्याने दाव्याच्या फॉर्मचा मसुदा तयार केला होता. त्यात वेग "अंदाजे ६० ते ६५" होता आणि डावीकडून अचानक घुसलेल्या एका ट्रकचा उल्लेख होता. चित्रफितीत त्या अर्ध्या मिनिटात डावीकडे एकही ट्रक नाही. हे मी त्याला दाखवले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे जे सांगितले ते डॅशकॅमविषयी मी ऐकलेल्या सर्व मतांचे सार होते: "दुसऱ्याचं चुकलं तर दाखवायला कॅमेरा घेतलाय काका. आपलंच चुकलेलं द्यायला कुठं घेतलाय?"

कॅमेरा लावणारे बहुतेक जण हीच अपेक्षा ठेवतात. समोरून मुद्दाम आडवा येणारा दुचाकीस्वार, पुरावा नसताना गळ्यात पडणारी भरपाईची मागणी, सीमेपलीकडच्या क्रमांकाची गाडी पाहून होणारा वाद, अशा वेळी कॅमेरा मोठा आधार असतो, आणि खाजगी मोटारीत तो सक्तीचा नसूनही लोक पदरचे पैसे घालून तो घेतात ते यासाठीच. पण यंत्राला बाजू नसते.

मी त्यांना व्यवहाराची गोष्ट सांगितली. ९२ च्या वेगामुळे हा दावा फेटाळला जाण्यासारखा नव्हता. निष्काळजीपणाने होणाऱ्या नुकसानीसाठीच तर विमा असतो. फॉर्मवर ६५ आणि ट्रक लिहून पुढे चित्रफीत बाहेर आली असती, तर मात्र महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचे कारण विमा कंपनीच्या हाती आयते लागले असते. मालकांनी मसुदा फाडून टाकला आणि नवीन फॉर्म स्वतःच्या अक्षरात लिहिला. त्यात वेग, टाकी, तांदूळ आणि एक्सिलरेटर, सगळे होते.

प्रकरण न्यायालयात गेले नाही, पण गेले असते तर कार्डाचे महत्त्व वाढले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर प्रकरणात, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद आता ६३ व्या कलमात आहे. म्हणून मी अशा प्रत्येकाला मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवायला आणि कॅमेऱ्यात नवे कार्ड टाकायला सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या तुकड्यातून वेगाचा आकडा बहुधा वाचताही येत नाही.

दावा घसारा आणि ठरलेली वजावट धरून मंजूर झाला. टाकीच्या दुरुस्तीचा खर्च मी धरला नाही, कारण ती मूळ गाडीचा भाग नव्हती.

टाकी आता आसाच्या वर, पलंगाखाली बसवली आहे आणि प्रवासात ती रिकामीच असते. पाणी मुक्कामी भरले जाते. दोन्ही टायर नवे आहेत, जादा आरसे आले आहेत आणि घरातला वजनाचा काटा निघण्याच्या आदल्या रात्री अंगणात येतो. मार्चमध्ये त्यांनी मला सोबत घेऊन महामार्गावर ६०, ७० आणि ८० या वेगांना चाचणी घेतली. मागच्या कॅमेऱ्यातली पांढरी भिंत तिन्ही वेळा जागेवर होती. सपाटीला ८० आणि घाटात ६०, असे त्यांनी आपसात ठरवले आहे. गोव्याला जायचे तर चोर्ल्याच्या वळणांतून कॅराव्हॅन न्यायची नाही, यावर मामी ठाम आहेत. भाच्याने पुण्यातल्या स्वतःच्या गाडीतही डॅशकॅम बसवून घेतला. त्याचा मायक्रोफोन मात्र त्याने बंद ठेवला आहे.